सारंगखेड्याहून परत आल्यावर

प्रिय दिग्या,

तुझे तीन फोन आले आणि तिन्ही मी वाजू दिले. रागावला असशील. राग जपून ठेव, पत्र वाचून झालं की कामाला येईल.

प्रकृती ठीक. शुगर जैसे थे. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, त्यामुळे तिला आता घरातली सगळी जळमटं दिसायला लागली आहेत आणि आमचं जगणं अवघड झालंय.

साखर विकली.

एवढं एक वाक्य लिहायला मला तीन आठवडे लागले. दत्तजयंतीच्या घोडेबाजारात विकली, अण्णांनी जिथून शिंगरू म्हणून आणली होती तिथेच. अण्णा गेल्यापासून तिच्यावर कोणी बसलं नाही. माझी कंबर तुला ठाऊक आहे, आणि पोरगा फक्त फोटो काढण्यापुरता तिच्याजवळ जायचा. नालबंद धुळ्याहून बोलवायचा तर त्याचं भाडं नालांपेक्षा जास्त. हरभऱ्याचा हिशेब सांगत नाही, नाहीतर म्हणशील कारणं देतोय. देतोच आहे.

पण मला टोचतंय ते विकणं नाही. जनावर विकत घेतात, विकतात. आपल्या दोघांच्या बापांनी आयुष्यभर तेच केलं. टोचतंय ते वेगळंच आहे आणि ते तुलाच कळेल, कारण 2017 साली तिच्या पाठीवर नवरदेव म्हणून तू होतास.

आठवतं ना? तुझ्या मामांनी लवंगी माळ लावली आणि साखर तुला घेऊन थेट तुरीत. वरात रस्त्यावर, नवरदेव शेतात, फेटा बाभळीवर. वहिनी अजून तो व्हिडिओ पाहतात म्हणे. त्या दिवसापासून अण्णांनी तिला एकाही लग्नाला दिली नाही. फटाक्याचा एक आवाज झाला की तिच्या डोळ्यांचा पांढरा भाग दिसायला लागतो, कान मागे चिकटतात आणि मग ती कोणाची नसते.

तर बाजार. तापीकाठी राहुट्या, मारवाडी, काठेवाडी घोडे, पंजाबातले पांढरे नुकरे, धूळ, चहा, सगळं तसंच. फक्त आता घोड्यापेक्षा मोबाईल जास्त. दलालाने सकाळीच साखरेचं तोंड उघडून पाहिलं आणि म्हणाला, "सात वर्षं सांगायची." मी म्हटलं, "बारा आहेत." तर हसला. आठ वर्षांपुढे घोड्याच्या खालच्या दातांतले खड्डे बुजतात, त्यानंतर दलाल सांगेल ते वय. मी गप्प बसलो. ही पहिली चूक म्हणून मोज.

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे तळोद्याकडचे एक म्हातारबाबा, नातवाला बसायला घोडी हवी होती. त्यांनी अंगावरचे केसांचे भोवरे पाहिले नाहीत, पळवून पाहिली नाही. साखरेच्या मानेवर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले आणि मला अहिराणीत विचारलं, हिला भीती कशाची वाटते? दिग्या, आजवर तिच्याबद्दल हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी खरं सांगितलं. फटाक्याचं सांगितलं, तुझं तुरीतलं प्रकरणही सांगितलं. वयही खरं सांगितलं, दलाल माझ्याकडे बघतच राहिला. बाबा हसले आणि साठ हजार म्हणाले.

दुसरा सुरतेकडचा, वरातीला घोड्या देण्याचा धंदा. त्याने अर्धा तास भोवरे पाहिले. शुभ देवमण आहे का, डोळ्याखाली अशुभ आसूढाळ तर नाही, नाचेल का. भीतीचं काही विचारलं नाही. दलालाने माझा हात उपरण्याखाली ओढला आणि बोटं दाबून भाव सांगायला लागला. आता खरं सांगतो, हे मी घरात कोणालाच सांगितलेलं नाही. एकेक बोट वाढत होतं तसं मला बरं वाटत होतं. घाम आलेला त्याचा तळहात, वर ते मळकट उपरणं, आणि माझ्या मनात साखर नव्हतीच, फक्त पुढचं बोट होतं. पंचाण्णव हजारांवर थांबलं. मी मान हलवली. म्हातारबाबा तिथेच उभे होते. काही बोलले नाहीत, साखरेच्या मानेवर एकदा थाप मारली आणि गर्दीत गेले.

सुरतवाल्याने विचारलं नाही म्हणून मी सांगितलं नाही. खोटं एक अक्षर बोललो नाही, असं मी स्वतःला परतीच्या एसटीत शहाद्यापर्यंत सांगत होतो. शहाद्याच्या पुढे ते जमेना. पावती काढून वाचली: रंग पांढरा, उंची, खुणा, वय सात, किंमत. खाली माझी सही. म्हणजे एक खोटं तर लेखीच होतं.

आणि एक गोष्ट. त्याने आपली पिशवी उघडून लगाम काढला, तो काटेरी होता. तोंडात जाणाऱ्या लोखंडावर बारीक दाते. मी बोटाने चाचपून पाहिले. असला लगाम वापरायला 1965 च्या नियमांपासून बंदी आहे, हे मी घरी आल्यावर शोधून काढलं. आता हसशील. हस. "आला कायदेपंडित" म्हण.

कारण मला आपलं भांडण रोज आठवतंय. तुझ्या कारवानी कुत्रीची पिल्लं तू पाच आठवड्यांची विकलीस, तेव्हा चौकात सगळ्यांसमोर मी तुला आठ आठवड्यांचा नियम वाचून दाखवला होता. "तू व्यापारी आहेस" असं म्हणालो होतो. वर्षभर बोललो नाही आपण. आणि मग मला तुझ्याकडून नाही, पानवाल्याकडून कळलं की त्यातलं एक पिल्लू ट्रकच्या गॅरेजात साखळीला दिसलं म्हणून तू विकल्याच्या दुप्पट पैसे देऊन परत आणलंस. मी तेव्हाही माफी मागितली नाही. आज मागतो. (नियमाचं माझं बरोबरच होतं, ते मागे घेत नाही.)

तिची म्होरकी मी काढून आणली. जनावर द्यावं, दावं देऊ नये, असं अण्णा म्हणायचे. खुंटीला टांगली आहे. आई रोज म्हणते तिथून काढ. मी काढत नाही. ती आईला आता अगदी स्वच्छ दिसते, हीही एक पंचाईत.

तुझं काय? वहिनींचं प्रमोशन झाल्याचं कळलं, पेढे राहिले. धाकटीची शाळा कशी चाललीय? फ्लॅटचा ताबा मिळाला का, की बिल्डर अजून "पुढच्या महिन्यात"वरच आहे?

आता मुद्द्याचं. पौष चालू आहे, त्यामुळे वराती नाहीत आणि साखर सध्या कुठेतरी उभी राहून चारा खात असेल. संक्रांत झाली की फटाके सुरू. सुरतवाल्याचा नंबर पावतीमागे लिहिलेला आहे. दोनदा फिरवला आणि रिंग जायच्या आत कापला. काय बोलू? घोडी बिचकते, परत दे? तो पंचाण्णवचे सव्वा लाख मागेल, आणि मागू दे, पण माझ्याकडे त्यातले चाळीस कॉलेजच्या फीमध्ये गेलेत. नुसतं खरं सांगून मोकळं व्हावं, तर तो ती घोडी आणखी कोणाला तरी गप्प बसूनच विकेल. मग तर ती कुठे गेली हेही कळणार नाही. आणि वर एखादा पोरगा असेल, त्याच्या पुढे तूरच असेल असं नाही, हायवेही असेल.

तळोद्याच्या बाबांचं नाव मी विचारलं नाही. तिकडच्या आठवडे बाजारात चौकशी केली तर सापडतील, पांढरा पटका, डाव्या हाताला चार बोटं.

असल्या कामाचा अनुभव तुलाच आहे. शनिवारी निघालास तर रविवारी सकाळी सुरत. गाडी तुझी, डिझेल माझं, आणि त्याच्याशी बोलायचं तू. मी म्होरकी घेऊन मागे बसतो.

फोन कर. या वेळी उचलतो.

तुझा,
सुऱ्या