‘मला असाईन करा’ म्हणून अडकून पडलेली कामं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

इंजिनिअरिंगच्या मुलांनी ओपन सोर्समध्ये (ज्याचा कोड सगळ्यांसाठी खुला असतो अशा सॉफ्टवेअरमध्ये) काम करावं, नोकरीसाठी फायदा होतो, असा लेख तुमच्या पुरवणीत वाचला. लेख चांगलाच आहे, पण समोरच्या बाजूला काय होतं ते त्यात आलं नाही, म्हणून लिहितोय. मी नोकरी सांभाळून रात्री एका छोट्या ओपन सोर्स प्रोजेक्टचं मेंटेनरचं, म्हणजे आलेले बदल तपासायचं आणि प्रोजेक्ट सांभाळायचं, काम बघतो.

गिटहबवर, म्हणजे असे प्रोजेक्ट जिथे ठेवतात त्या साइटवर, बाहेरच्या माणसाला इश्यू (नोंदवून ठेवलेलं काम) स्वतःच्या नावावर घेता येत नाही, त्याला प्रोजेक्टची परवानगी लागते, म्हणून मुलं खाली कमेंट टाकतात, ‘सर प्लीज असाईन मी’. एखाद्या सोप्या कामाला ‘गुड फर्स्ट इश्यू’ लेबल लावलं की अशा कमेंटची रांगच लागते, आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी कोड डाउनलोडसुद्धा केलेला नसतो. आपण विश्वासाने पहिल्याला देतो. मग आठवडा जातो, महिना जातो, त्याचा पत्ता नाही, पण इश्यूवर त्याचा फोटो दिसतोय म्हणून ज्याला खरंच काम करायचं होतं तो बघून परत जातो. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून सीट धरायची आणि गाडीत चढायचंच नाही, असा हा प्रकार. पगारी ऑफिसात मॅनेजर विचारतो तरी, इथे सगळेच स्वयंसेवक, कोणावर रागवायचं आणि कोणत्या अधिकाराने?

मुलांना एकट्यांना दोष देणं मला पटत नाही. पीआर (पुल रिक्वेस्ट, म्हणजे प्रोजेक्टने घ्यावा म्हणून पाठवलेला बदल) किती झाले यावर मार्क, पॉइंट किंवा बक्षीस ठेवलं की हे होणारच. हॅक्टोबरफेस्ट या ओपन सोर्सच्या उपक्रमाचं उदाहरण सगळ्यांसमोर आहे, 2020 मध्ये चार पीआरला टी-शर्ट होता, तर लोकांनी रीडमी (प्रोजेक्टची माहिती असलेल्या) फाईलमध्ये एखादा शब्द बदलून इतके फालतू पीआर पाठवले की आयोजकांना ऐन ऑक्टोबरमध्ये नियम बदलावा लागला, ज्या प्रोजेक्टने स्वतःहून होकार दिला त्यांचेच पीआर धरायचे असं ठरलं. आता तर कमेंटसुद्धा चॅटबॉटकडून लिहून येतात, इंग्रजी एकदम छान आणि आत काहीच नाही.

मोठ्या प्रोजेक्टनी यावर बराच विचार केलाय. पांडाज या डेटा हाताळायच्या सॉफ्टवेअरमध्ये इश्यूखाली नुसतं ‘टेक’ लिहिलं की बॉट (आपोआप चालणारा प्रोग्रॅम) तो तुमच्या नावावर करतो, रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेच्या प्रोजेक्टमध्येही बॉटला सांगून काम घेता येतं आणि सोडताही येतं, म्हणजे मेंटेनरचा वेळ तरी वाचतो. जँगो या वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरच्या नियमात स्पष्ट लिहिलंय की तिकीट (तिथे इश्यूला तिकीट म्हणतात) घेतलंत तर काय चाललंय ते सांगत राहा, विचारल्यावर उत्तर आलं नाही तर तिकीट काढून घेतलं जाऊ शकतं. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडियामध्ये दोन वर्षांपेक्षा जास्त एकाच्याच नावावर पडून राहिलेली कामं मोकळी केली जातात (दोन वर्षं मला फार वाटतात, पण निदान मोकळी होतात). मला सगळ्यात आवडते ती फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाची पद्धत, नवीन माणसाने पहिला पॅच (दुरुस्तीचा कोड) पाठवला की बग (सॉफ्टवेअरमधली चूक) आपोआप त्याच्या नावावर होतो, आधी मागत बसायची गरजच नाही.

यावर कोणी म्हणेल की आधी नाव लावलं नाही तर दोघं तेच काम करतील आणि एकाची मेहनत वाया जाईल. बरोबर आहे, पण दोन ओळींच्या फिक्समध्ये वाया जाऊन जाऊन किती जाणार? काम मोठं असेल तर आधी इश्यूवरच चर्चा करावी, कसं करणार ते त्याने लिहावं, मग दोन आठवड्यांसाठी त्याच्या नावावर करावं, गप्प राहिला तर एकदा नीट विचारावं आणि तरी उत्तर नाही आलं तर मोकळं करावं. हे सगळं आधीच कॉन्ट्रिब्युटिंग फाईलमध्ये (प्रोजेक्टमध्ये काम कसं करायचं ते जिथे लिहिलेलं असतं) लिहून ठेवावं म्हणजे कोणाला अपमान वाटत नाही. सोपे इश्यू जुन्या लोकांनी स्वतः उरकून टाकू नयेत हेही त्यातच लिहावं.

आणि आपल्या मुलांना एक कळकळीने सांगायचंय. सोडण्यात काही लाज नाही. परीक्षा आली, घरी अडचण आली, जमत नाहीये, एक ओळ लिहा ‘सोडतोय’ आणि मोकळे व्हा, कोणीही रागवत नाही. उलट कुठपर्यंत आलात ते लिहिलंत तर पुढच्याला उपयोगच होतो. शिवाय असाईन न होता करण्यासारखं किती काम पडलेलं असतं, बग आपल्या मशीनवर येतो का ते बघून लिहायचं, दुसऱ्याचा पीआर चालवून बघायचा. फायरफॉक्सचं मराठी भाषांतर पॉन्टून या मोझिलाच्या भाषांतराच्या साइटवर चालतं, तिथे लॉगिन करून कोणीही वाक्य सुचवू शकतं, कोणाची परवानगी मागायची गरज नाही, तपासणारे नंतर मंजूर करतात.

कॉलेजांना विनंती एवढीच, की सेमिस्टरच्या प्रोजेक्टमध्ये ओपन सोर्सचे मार्क ठेवणार असाल तर पीआरचा आकडा मोजू नका. मुलाने इश्यूवर काय लिहिलं, रिव्ह्यूमध्ये सांगितलेले बदल केले का, आणि काम सोडलं असेल तर सांगून सोडलं का, हे त्याच्यासोबत बसून गिटहब उघडून बघा.

आपला,
एक वाचक, पुणे