सुधीरला एक फोन कर

प्रिय कुंदा,

स. न. वि. वि. वगैरे राहू दे. दिवाळीपासून पत्र नाही म्हणून तू शिव्या घातल्याच असशील, त्या पोचल्या. इकडे सगळे बरे. माझी शुगर होती तिथेच आहे, ह्यांचा मोतीबिंदू काढला. संपलं.

आता ऐक. नलूताई गायल्या!

झटका आल्याचं तुला कळलंच असेल. उजवा हात-पाय गेला आणि वाचाही. समजतं सगळं, पण तोंडातून निघतं एकच, ‘बरं का’. चहा हवा, बरं का. संडासला जायचंय, बरं का. चिडल्या की तेच, फक्त वरच्या पट्टीत. अख्ख्या वाड्याला तोंडाने सोलून काढणारी बाई गं!

एकादशीला मीच हट्टाने त्यांना रिक्षात घालून भजनी मंडळात आणलं. टाळ वाजवायला दोन हात लागतात. शोभाने मग टाळाची दोरी सोडली, एक वाटी त्यांच्या डाव्या हातात दिली आणि दुसरी स्वतः धरून त्यावर ठोका देत बसली. मी तुकोबांचा अभंग धरला, चाल आपली वाड्यातलीच. दुसऱ्या चरणाला शेजारून आवाज आला. शब्द न् शब्द स्पष्ट, जोडाक्षरंसुद्धा. माझी बोटं पेटीवर थिजली. मंदाचा पखवाज मात्र चालूच. वाजवताना तिला भूकंप झालेलाही कळायचा नाही. अभंग संपल्यावर मी विचारलं, ‘नलूताई, पाणी देऊ?’ म्हणाल्या, ‘बरं का.’

न्यायला आलेली सुधीरची बायको दारात उभी राहून हे सगळं बघत होती, आणि तिथेच माशी शिंकली. ‘एवढा अभंग येतो, मग पाणी म्हणायला काय धाड भरलीय?’ आता घरी ‘बरं का’ चालत नाही, ‘नीट शब्दांत मागा’. सुधीर म्हणतो, आई नाटक करते, लहानपणापासून बघतोय. पुढच्या एकादशीला आईला नेऊ नका, असा मला निरोपही आलाय. झोप उडालीय माझी.

नाटक नाही गं ते. मिरजेच्या स्पीच थेरपीवाल्या पोरीला मी खोदून खोदून विचारलं, नंतर स्वतःही वाचलं. बहुतेकांचं बोलणं मेंदूच्या डाव्या बाजूला असतं. पॉल ब्रोका नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १८६१ साली ‘टॅन’ एवढंच बोलू शकणाऱ्या रुग्णाचा मेंदू त्याच्या मृत्यूनंतर तपासला, तेव्हा डाव्या बाजूला पुढे इजा सापडली. म्हणजे त्याचं ‘टॅन’, आपल्या नलूताईंचं ‘बरं का’. सुरांचं काम बरंचसं उजवीकडे चालतं, आणि नलूताईंच्या मेंदूची ती बाजू शाबूत आहे. शिवाय जन्मभर म्हटलेला अभंग शब्द जुळवून म्हणावा लागत नाही, एक टोक ओढलं की सगळा बाहेर येतो. ‘मला पाणी दे’ मात्र दर वेळी नव्याने जुळवावं लागतं, आणि अडतं ते तिथेच. स्वीडनमध्ये १७४५ साली ओलोफ डालिन यांनी अशाच एका माणसाची नोंद केलीय. उजवं अंग लुळं, बोलता येत नाही, पण पाठ असलेली प्रार्थनागीतं म्हणतोय. तोही काय सुनेला छळायला नाटक करत होता?

ह्याच्यावरून बॉस्टनच्या डॉक्टरांनी १९७३ साली एक उपचार मांडला. रोजचे छोटे शब्द वर-खाली अशा दोन सुरांत म्हणायचे आणि अक्षरागणिक डाव्या हाताने ठोका द्यायचा. लाइपझिगच्या लोकांनी २०११ मध्ये म्हटलं, सुरापेक्षा ठेका आणि सवयीचे शब्द जास्त कामाचे. हे मंदाला सांगून मी चूक केली असं वाटायला लागलंय, तेव्हापासून ती पेटीकडे बघतसुद्धा नाही! थेरपीवालीने ‘पा-णी’ने सुरुवात केलीय. परवा नलूताईंचं ‘पा’ आलं, मांडीवर थाप मारत. ‘णी’ अडलंय. महिने लागतात म्हणे, आणि घरच्यांनी रोज करून घ्यावं लागतं. घरचे करतील तर ना!

हे तुलाच का लिहितेय, ते तुला कळेल. आठवीत समूहगानाला गायनाच्या बाईंनी तुला ‘तू नुसते ओठ हलव’ म्हणून मागे उभं केलं होतं. मी तुझ्या बाजूने बोलले नाही म्हणून तू सहामाहीपर्यंत अबोला धरलास. बोलले असते तर मलाही काढलं असतं, मग पेटी काय तुझ्या काकाने वाजवली असती? पण बाईंचं चुकलंच. मॉन्ट्रियलच्या इझाबेल पेरेत्झ यांचा अभ्यास वाचला. जन्मतः सूरच न कळणारी माणसं शंभरात एक-दोन. बाकीच्यांतल्या बऱ्याच जणांना कोणी नीट शिकवलेलं नसतं, असं मला वाटतं. तू त्या एक-दोनांतली असशीलही, माझी खात्री नाही! तरी आमच्या मंडळात ये. झील ओढायला परीक्षा नसते. पुढची म्हणते, बाकीच्या उचलतात, चुकलेली पुढच्या फेरीला सापडते.

निनादचं कॅनडाचं जमलं का? गुडघ्याचं ऑपरेशन आता ढकलू नकोस. लिलो चिवडा पाठव, ह्यांच्या नावाने, खाईन मीच.

आणि सुधीरला फोन कर. माझं तो ऐकणार नाही, मी पडले आईच्या पार्टीतली. तू त्याला दहावीच्या गणितातून बाहेर काढलंस, तुला अजून टरकतो. रात्री नऊनंतर कर, त्याआधी दुकानातून ‘हो हो’ म्हणून ठेवून देतो. बायकोलाही फोनवर घे आणि तिच्यावर डाफरू नकोस. दिवसभर सगळं तीच एकटी करते, तिचाही जीव मेटाकुटीला आलाय. एवढंच सांग की पाण्याचा पेला समोर धरून ‘पा-णी’ म्हणायचं, ठोका द्यायचा, आणि शब्द नाही आला तरी पाणी द्यायचं.

काय म्हणाला ते लगेच कळव.

तुझी,
वसू