आमच्या नववीच्या मुलांना पुस्तकं निवडून देणाऱ्या ग्रंथपाल मॅडमना

आदरणीय ग्रंथपाल मॅडम,

सप्रेम नमस्कार.

काउंटरवर आभार मानायला आलं की तुम्ही "अहो, कामच आहे माझं ते" म्हणता आणि पुढच्या वाचकाचं कार्ड हातात घेता. म्हणून आज जाहीरच लिहिते आहे.

नववीची परीक्षा झाली की मुलांची सुट्टी नावालाच उरते. एप्रिलातच दहावीच्या व्हेकेशन बॅच लागतात, आणि अवांतर वाचन म्हणजे वेळ फुकट घालवणं, असं निम्म्या घरांत वाटतं. त्यातून हे वय अवघड. बालविभागातली पुस्तकं त्यांना पोरकट वाटतात आणि जाडजूड कादंबरी पाहूनच दडपण येतं. मी तुमच्याकडे यादी मागायला आले होते. तुम्ही म्हणालात, "यादी नको, पोरांनाच पाठवा. दुपारी गर्दी नसते."

तुम्ही त्यांच्याशी कसं बोललात ते मी शेजारी बसून ऐकलं. "तुला काय वाचायला आवडतं?" असं तुम्ही एकालाही विचारलं नाहीत. सुट्टीत कुठे जाणार, घरात कोण कोण असतं, कुठला पिक्चर अर्ध्यात सोडून उठलास, हेच विचारत होतात. आणि बोलता बोलता उठून कपाटाकडे जात होतात.

मामाच्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात बसणारा आमचा एक विद्यार्थी आहे. त्याला कुणीही शास्त्रज्ञाचं चरित्र दिलं असतं. तुम्ही दिलंत व्यंकटेश माडगूळकरांचं 'बनगरवाडी'. १९५५ सालचं पुस्तक, धनगरांची वाडी, आणि हा पोरगा दिवसभर तांब्याच्या तारा गुंडाळणारा! मी विचारलं तेव्हा म्हणालात, "बारीक आहे, वाक्यं छोटी आहेत. आणि त्यातला मास्तर जेमतेम मिसरूड फुटलेला, परक्या गावात एकटा नोकरीला गेलेला. याच्याही डोक्यात आता तेच घोळत असणार." जूनमध्ये त्यानं मला वर्गाबाहेर गाठून विचारलं, "बाई, दुष्काळात माणसंच निघून गेली, मग एवढी खपून बांधलेली तालीम कुणाची?" वर्गात वर्षभर त्यानं आपणहून एक प्रश्न विचारला नव्हता.

'पाडस'च्या वेळी एका आई तुमच्याकडे तक्रार घेऊन आल्या होत्या. राम पटवर्धनांचा तो अनुवाद वाचून लेक रात्रभर रडली, असली पुस्तकं कशाला देता, असं त्यांचं म्हणणं होतं. तुम्ही त्यांना बसवलंत, पाणी दिलंत आणि म्हणालात, "ताई, तुम्हीही वाचा, मग दोघी मिळून बोला." त्यांनी वाचलं. पुढे काय बोलणं झालं ते त्या दोघींनाच ठाऊक, पण त्या आता तुमच्या वाचनालयाच्या सभासद आहेत.

अनामत रक्कम सगळ्यांना परवडणार नाही हे ओळखून कार्यकारी मंडळाकडून शाळेच्या नावे एकच खातं तुम्ही मंजूर करून घेतलंत. ज्यांच्या गावी वाचनालय नाही, त्यांना बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक मोबाइलवर फुकट कसे वाचायचे तेही दाखवलंत.

पण सगळ्यांत मोठे उपकार वेगळेच आहेत. "पुस्तक परीक्षण लिहून आणा असं सांगू नका," एवढी एकच अट तुम्ही मला घातली होती. आणि मुलांना सांगितलंत, "पन्नास पानं वाचूनही रंगला नाहीत तर परत आणा. दुसरं देते, का म्हणून विचारणार नाही." मला वाटतं, मुलं वाचायला लागली ती यामुळेच. आपण शाळेत पुस्तकाच्या मागोमाग लगेच प्रश्नोत्तरं लावतो, मार्क ठेवतो. तुमच्याकडे पुस्तक परत करायला फक्त पुस्तक लागत होतं. काहींनी दोन-तीन पुस्तकं बदलली, आणि त्यातल्याच एकीनं शेवटी 'एक होता कार्व्हर' दोनदा वाचलं.

आता दिवाळीच्या सुट्टीआधी आठवीचा वर्गही तुमच्याकडे पाठवायचा विचार आहे. तुम्हाला जमेल ती वेळ कळवा. आणि त्या रिवाइंडिंगवाल्याला आता 'माणदेशी माणसं' हवंय. शनिवारी सकाळची शाळा सुटली की पाठवते, तेवढं बाजूला काढून ठेवाल का?

आपली कृतज्ञ,
एक वर्गशिक्षिका