मोजणीवाल्या ताईंना

ताई, नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. पाड्यावर तुम्हाला अजून 'मोजणीवाल्या ताई'च म्हणतात.

तुम्ही आलात तेव्हा आम्ही कसतो त्या वनजमिनीवरचा आमचा दावा जुना होऊन गेला होता. वनहक्क कायदा 2006चा. आम्ही दावा भरला तेव्हा पालघर जिल्हा झालाही नव्हता, आपण ठाण्यात होतो. त्या वेळी मोजायला आलेली माणसं यंत्र घेऊन खालच्या सपाट तुकड्याभोवती फिरली, वरचा माळ चढलीच नाहीत. कागदावर अकरा गुंठे आले. कसतो आम्ही दोन एकरांच्या वर. बाबांनी तो कागद पत्र्याच्या पेटीत तळाला घातला.

तुम्हीही मोजाल आणि जाल, असंच वाटलं होतं. तुम्ही मोबाइल माझ्या हातात दिलात. म्हणालात, "हद्द मला कुठे माहीत? बाबांना विचार." मग बाबा पुढे, मी मागे. ऐनाचं झाड, तिथून ओहळ, ओहळाच्या कडेने मोठ्या धोंड्यापर्यंत. प्रत्येक कोपऱ्यावर थांबायचं, आकडा स्थिर होईपर्यंत हलायचं नाही. ऐनाखाली तो स्थिर होईच ना. दाट पानांतून उपग्रहाचा सिग्नल नीट येत नाही, आणि आमची रेघ शेजारच्या काकांच्या वरईत घुसली. काका भडकले. तुम्ही त्यांची समजूत घालायला गेला नाहीत, बांधावर गप्प बसून राहिलात, हे मला फार आवडलं. दोघा म्हाताऱ्यांनी तासभर भांडून ठरवलं की झाडापलीकडचा उघड्यावरचा दगड हाच कोपरा मानायचा. पंचनाम्यावर पहिला अंगठा काकांचा आहे.

क्षेत्राचा आकडा आला तेव्हा बाबा म्हणाले, "एवढंच? चढताना तर दम लागतो." नकाशा उतार धरत नाही, वरून दिसेल तेवढंच सपाट क्षेत्र मोजतो, हे तुम्ही ताटली तिरकी धरून दाखवलंत. बाबांना अजून पटलेलं नाही. (खरं तर मलाही नाही. कुदळ काही आम्ही आकाशातून मारत नाही.)

मी खरा घाबरलो तो जुना उपग्रह फोटो पाहून. 13 डिसेंबर 2005च्या आधीपासून जमीन कसत होतो हे दाखवायचं, आणि फोटोत वरचा माळ नुसता गवताळ. नागली, मग वरई, मग खुरासणी आणि त्यानंतर काही वर्षं माळ पडीक ठेवायचा, ही आमची रीत. फोटोला ती कशी कळणार? तुम्ही 2012च्या सुधारित नियमांची प्रत काढून त्या ओळीवर बोट ठेवलंत: असा फोटो इतर पुराव्यांना जोड म्हणून चालतो, त्यांच्या जागी नाही. मग पाड्यावरच्या दोन आजींचे जबाब लिहून घेतले. कुठल्या साली कुठल्या माळावर काय पिकलं, हे त्यांनी लग्नं नि बाळंतपणं मोजत सांगितलं. लिहिता लिहिता माझा हात दुखला.

ग्रामसभेचा ठराव झाला, फाइल उपविभागीय समितीकडे आहे. निकाल अजून नाही. या वेळच्या दाव्यात बाबांच्या नावाशेजारी आईचंही नाव आहे. पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे द्यायचा असं कायद्यातच आहे, हे तुम्ही सांगेपर्यंत वनहक्क समितीचा सचिव असून मलाही ठाऊक नव्हतं. आईने नकाशाची एक प्रत चुलीपासून लांब, धूर लागणार नाही अशा भिंतीवर लावून घेतली.

तुमची पॉवर बँक इथेच राहिली आहे. सध्या खालच्या पाड्यावर आहे. तिथल्या चार पोरी मोजणी करतायत, त्यांना मी शिकवलं. त्यांचं झालं की ओढ्यापलीकडे जाईल. तेव्हा ती इतक्यात परत मिळेल असं धरू नका. नागली निघाली की या, भाकरी खायला.

तुमचा,
पाड्यावरचा सचिव