डायल बदललेलं नाही

भुसावळ

चि. बंड्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं ॲक्यूट्रॉन, ते रेल्वेवाल्यांचं सेलवर चालणारं मनगटी घड्याळ, दुरुस्त झालं. रोज सकाळी दुकान उघडलं की आधी ते कानाला लावतो. टिकटिक नाहीच, बाटलीत माशी अडकावी तशी गुणगुण. शाळेत विज्ञानाच्या तासाला नादकाटा वाजवून दाखवायचे ना, तोच आत बसवलाय. सेकंदाला ३६० वेळा थरथरतो. ती थरथर पुढे नेणारं चाक जेमतेम अडीच मिलिमीटरचं आणि त्याला दाते ३००! माझ्या नेहमीच्या भिंगातून नुसती गुळगुळीत कड दिसली. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाणार होतो, मग दुसरं भिंग आणलं.

पुढे पळत होतं ते तुझ्या सेलमुळे. मूळ सेल पाऱ्याचा, १.३५ व्होल्टचा, तो आता मिळत नाही. तू हल्लीचा १.५५ चा घातलास, मग चाक एकाऐवजी दोन-दोन दाते ओलांडायला लागलं. आता जुळवून दिलंय.

राहिली तुझी दुसरी मागणी, ‘डायल पिवळं पडलंय, नवं छापून घ्या.’ ते केलेलं नाही.

त्या डायलकडे नीट बघ. पांढऱ्यावर काळे, ठसठशीत, बाराच्या बारा आकडे. आत लहान अक्षरांत १३ ते २४. मिनिटाची प्रत्येक रेघ वेगळी, सेकंदकाटा लाल. नक्षी नाही, चमक नाही. हलत्या इंजिनात, कंदिलाच्या उजेडात एका नजरेत वेळ कळावी, एवढ्यासाठीच हा चेहरा घडलाय.

त्याचं मूळ तिकडे अमेरिकेत, तुझ्या क्लीव्हलंडजवळच. १८९१ मध्ये किप्टन गावी दोन रेल्वेगाड्या समोरासमोर धडकल्या. एका चालकाचं घड्याळ चार मिनिटं मागे होतं असं सांगतात. मग रेल्वेने वेब बॉल नावाच्या क्लीव्हलंडच्याच जवाहिऱ्याला घड्याळं तपासायला नेमलं. १८९३ चे नियम वाचून मला घाम फुटला: आठवड्यात ३० सेकंदांपेक्षा जास्त फरक नको, आणि घड्याळ आडवं, उभं असं पाच स्थितींत धरून जुळवलेलं हवं. वेळ बदलायची तर काच उघडून आतली कळ ओढायची, म्हणजे चावी देताना चुकून काटा हलायला नको. ती सगळी खिशातली घड्याळं. मनगटावरचं चालवून घ्यायला अमेरिकेत १९६० चं दशक उजाडलं. तुझ्या घड्याळाचीही वेळ लावायची कळ बाजूला नाही, पाठीवर आहे. मला हे फार आवडलं.

डायल छापण्याचा धडा मी एकदा घेतलाय. नवीन दुकान टाकलं तेव्हा एका गार्डसाहेबांच्या घड्याळाचं डायल हौसेने मुंबईहून छापून आणलं. दिसायला झकास. पण छपाई केसभर फिरली होती. तासकाटा बरोबर तीनवर आला की मिनिटकाटा दोन रेघांच्या मध्ये. गार्डसाहेबांनी ते टेबलावर ठेवलं आणि नुसतंच माझ्याकडे पाहिलं. पैसे मी घेतले नाहीत, त्यांनीही विचारलं नाही.

म्हणून तुझं पिवळं तसंच राहू दे. रेघा शाबूत आहेत.

मावशी पुढच्या महिन्यात तिकडे येतेय, तिच्यासोबत पाठवतो. सेलचं झाकण नाण्याने उघड, चाकूने नको. ओरखडे कोणाचे ते मला कळलंय. पट्टा मात्र विचारल्याशिवाय बदललाय. तो प्लास्टिकचा बघवत नव्हता.

तुझा,
अण्णा