पुलंच्या लग्नाला खर्च किती आला?

प्रिय दोस्ता,

परवा तुमच्या रजिस्टर लग्नाचं बोलत असताना फोन मध्येच कट झाला, म्हणून हे लांबलचक टाइप करतोय, निवांत वाच. रविवारी आमच्या सोसायटीत मराठी लेखकांवर क्विझ होती आणि शेवटचा प्रश्न मी काढलेला, पुलंच्या लग्नाला एकूण खर्च किती आला? कुणी पाचशे म्हणालं, कुणी हजार, एक आजी तर जुना सोन्याचा भाव धरून हिशोब करत बसल्या. उत्तर आठ आणे! रजिस्टर लग्नाच्या कोऱ्या फॉर्मचे, आणि तो फॉर्म विकत आणला कोणी तर सुनीताबाईंनी.

१२ जून १९४६, रत्नागिरी. मला सगळ्यात आवडतं ते हे की लग्नाची गरज मुळात सुनीताबाईंना वाटतच नव्हती, बेचाळीसच्या चळवळीत उतरलेली मुलगी ती, लग्न हवं होतं भाईंना, म्हणजे पुलंना, आणि तरी फॉर्मचे पैसे हिने भरले. पुढे घरचा हिशोब, प्रयोगांची व्यवस्था, कागदपत्रं, सगळं बाईंनीच बघितलं, आणि भाई म्हणे त्यांना 'उपदेशपांडे' म्हणायचे. देशपांड्यांच्या घरात यापेक्षा फिट्ट नाव सापडणार नाही बघ. पण त्या घरात नुसतं हसणं नव्हतं, १९९० साली बाईंचं 'आहे मनोहर तरी' हे पुस्तक आलं त्यात त्यांनी भाईंबद्दलच्या तक्रारीही स्वच्छ लिहिल्या, लोक किती चिडले होते तेव्हा! मला मात्र ते वाचून दोघंही जास्त जवळचे वाटले, खरंच. आणि भाई गेले ती तारीखही १२ जूनच, २००० साली, लग्नाला बरोबर ५४ वर्षं झाली त्या दिवशी. हे मी क्विझमध्ये सांगितलं तेव्हा हॉल एकदम शांत झाला रे.

आता तुझं. काकू लग्नाच्या हॉलसाठी अडून बसल्यात म्हणालास, तर त्यांच्यावर चिडू नकोस, एकुलता एक मुलगा आहेस, त्यांनी किती वर्षं मनात मांडव घातला असेल. एका संध्याकाळी दोघं त्यांच्यासमोर बसा आणि ही आठ आण्यांची गोष्ट सांगा, काकूंना पुलं पाठ आहेत, ऐकतील. घरी चारच माणसांचं जेवण ठेवा पण ते काकूंच्या हातचं असू दे. आणि रजिस्टर लग्नाची नोटीस लवकर द्या, त्यानंतर ३० दिवस थांबावं लागतं. साक्षीदार तीन लागतात, त्यातला एक मी, रजा आत्ताच टाकून ठेवतो, तारीख तेवढी कळव.

तुझाच,
मी