काका, हे सगळ्यांसमोर सांगायचं होतं

आदरणीय काका,
सा. न.

प्रयोगशाळेतल्या तुमच्या निरोप समारंभाला मी नागपुरात नव्हते, म्हणून हे जाहीर पत्र. विषशास्त्रात आणि रेणवीय जीवशास्त्रात माझ्या हातून जे काम झालं, त्याचा पाया तुम्ही गोळा केलेले रक्ताचे नमुने आहेत.

पीएचडीला मी फवारणी करणाऱ्या मजुरांच्या तांबड्या पेशींतलं कोलिनएस्टरेज मोजायला घेतलं. मज्जातंतूंचा संदेश पोचला की तो थांबवणारं हे एन्झाइम. ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकं नेमकं हेच एन्झाइम जखडतात. मग मज्जातंतूंचे संदेश थांबतच नाहीत. लाळ गळते, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, शेवटी श्वास अडतो. पण निरोगी माणसांतही हे प्रमाण कमी-जास्त असतं. त्यामुळे त्याच माणसाचं हंगामाआधीचं रक्त हवं. धडधाकट माणूस सुई कशाला टोचून घेईल?

काटोलकडच्या गावांत सगळे नाहीच म्हणत होते. तुम्ही पारावर बसलात, कपाशीच्या भावावर बोललात आणि मग म्हणालात, "बापू, रगत विकाले नाही नेत. औषध अंगात किती भिनते, थे पाह्याचं हाय." एका आजोबांनी बाही सारली आणि मागे रांग लागली.

नळी हलवायची नाही, अलगद उलटसुलट करायची. बर्फाला थेट टेकवायची नाही, वर्तमानपत्रात गुंडाळून थर्मोकोलच्या डब्यात ठेवायची, नाहीतर पेशी फुटतात. हे मी तुमच्याकडून शिकले. सप्टेंबरात त्याच माणसांचे नमुने एलमनच्या १९६१ च्या पद्धतीने तपासले. त्यात एन्झाइम जितकं काम करतं, तितका पिवळा रंग गडद होतो. आमचा रंग फिका उमटला. जूनचा आकडा हाती होता, म्हणूनच तो फरक छातीठोकपणे मांडता आला.

२०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-मजूर गेले. त्या दिवसांत मला ती रांग सारखी आठवायची.

पुढे त्याच नळ्यांमधल्या पांढऱ्या पेशींतून डीएनए काढला. पॉन-१ या रक्तातल्या प्रथिनात १९२ व्या जागी ग्लुटामिन हे अमिनो आम्ल आहे की आर्जिनिन, यावर शरीर पॅराऑक्सॉन, म्हणजे पॅराथिऑन या कीटकनाशकापासून शरीरात बनणारं विष, किती वेगाने मोडतं हे बदलतं. म्हणजे एकाच शेतात, एकाच पंपाने फवारणाऱ्या दोघांना विष सारखंच बाधेल असं नाही. हा प्रश्न मला अजून सोडत नाही.

शोधनिबंधात तुमच्यासारख्यांचा उल्लेख 'तांत्रिक साहाय्य' एवढाच करायची रीत आहे. ती मला मान्य नाही. हे संशोधन तुमचंही आहे. मनापासून आभार, काका.

जूनमध्ये नवी मुलं गावांत जाणार आहेत. पहिल्या फेरीला सोबत याल का? गाडी घरी पाठवते. काकूंना नमस्कार.

तुमची,
प्रयोगशाळेतली पोरगी